काकूंच्या खोल्या

जिला रिकामी जागा पाहवत नाही अशी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, आणि ती आमची घरमालकीण होती. जगातले बाकीचे घरमालक भाडेकरू पाहून कष्टी होतात. आमच्या काकू भाडेकरू नसला की कष्टी होत. एखादी खोली चार दिवस बिनमाणसाची राहिली की त्यांना अन्न गोड लागत नसे. त्या तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसत, 'येईन कोनीतरी, येईन' अशी तिची समजूत घालत, आणि मग डोक्यावर पदर घेऊन थेट रस्त्यावर जाऊन उभ्या राहत. हातात ट्रंक असलेला कोणीही माणूस दिसला की त्याला हटकत, "काहून रे, खोली पायजे का?" तो बिचारा बहुतेक वेळा कोणाच्या तरी लग्नाला निघालेला असे. चांदूर रेल्वे गावाहून बहिणीच्या लग्नासाठी आलेला एक तरुण असाच त्यांच्या तावडीत सापडला. लग्न लागलं, वऱ्हाड पांगलं, आणि हा मात्र काकूंच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहून गेला. पुढे त्याने अमरावतीतच नोकरी शोधली. काकू म्हणत, "खोली भेटली म्हणून नोकरी भेटली. लोकं उलटं करतात, म्हणून फसतात."

ती वर्षंच तशी होती. अमरावती परकोटाबाहेर सांडत होती. राज्य बदललं, कचेऱ्या वाढल्या, खेड्यापाड्यांतली शिकलेली पोरं नोकरीला येऊ लागली, सिंध सोडून आलेली कुटुंबं दुकानं मांडू लागली, पुण्याकडचे मास्तर बदलून येऊ लागले, आणि या सगळ्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. बडनेऱ्याच्या रस्त्याला, जिथे काल-परवापर्यंत कापसाची पऱ्हाटी उभी होती, तिथे काकूंच्या यजमानांनी एक बऱ्यापैकी मोठी जागा घेऊन ठेवली होती. ते कापसाच्या बाजारात अडत्या होते. ते गेले तेव्हा मागे उरलं चुन्याच्या गिलाव्याचं, कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं एक घर, गोड्या पाण्याची विहीर, परसात कडूनिंबाचं झाड आणि काकू. मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या एखाद्या बाईने देवदेव केला असता. काकूंनी मिस्त्री बोलावला.

खोली बांधणं ही गोष्ट काकूंच्या लेखी भाकर थापण्यासारखी होती. पाहुणा आला की आणखी एक थापायची. त्यात विचार कसला करायचा? मिस्त्रीने नकाशा विचारला तर त्या पायाच्या अंगठ्याने धुळीत रेघ ओढून "इथी भीत, इथी दार, बाकी तुले समजते," एवढंच सांगत. त्यामुळे त्या घराला आकार असा नव्हताच. ते वाढलं होतं, जसं वांग्याचं झाड वाढतं तसं. एका खोलीत जायला दुसरीच्या ओसरीवरून जावं लागे, तिसरीत जायला विहिरीला वळसा घालावा लागे, आणि एक जिना असा होता की तो वर कुठेच पोचत नसे. तो काकूंनी 'पुढं कामी येईन' म्हणून बांधून ठेवला होता. त्यावर पापड वाळत.

भाडं ठरवण्याची त्यांची रीतही अशीच उफराटी. घरात खाणारी तोंडं जितकी जास्त तितकं भाडं कमी. एकटा माणूस आला की त्याला सगळ्यात जास्त भाडं सांगत आणि वर म्हणत, "जास्त वाटून राह्यलं? मंग लगन कर." खोली देण्याआधी मात्र त्या उमेदवाराची अशी झडती घेत की मला कचेरीच्या नोकरीची मुलाखत त्यापुढे गंमत वाटली होती. घोरतोस का, उंबऱ्यावर शिंकतोस का, शीळ वाजवतोस का, बायकोशी भांडण झालं तर उपाशी राहून भांडतोस की जेवून भांडतोस. या शेवटच्या प्रश्नावर त्यांचा फार भर. मुळीच भांडत नाही असं जो सांगे त्याला खोली मिळत नसे. "जो भांडत नाई," त्या म्हणत, "त्याच्या मनात काय हाय ते कोनाले समजते?"

पुण्याचे मास्तर आले तो प्रसंग अजूनही डोळ्यांपुढे आहे. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, हातात छत्री. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू कायले आला?" मास्तरांना आयुष्यात कोणी अरेतुरे केलेलं नसावं. ते छत्रीवर भार देऊन म्हणाले, "आपण आम्हांला काही म्हणालात काय?" काकूंनी मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलं आहे म्हणून. तेव्हा एकच खोली शिल्लक होती आणि ती कडूनिंबाभोवती बांधलेली होती. झाड तोडायचा काकूंना धीर झाला नाही म्हणून भिंती झाडाच्या चारी अंगांनी उठवल्या होत्या, आणि बुंधा खोलीच्या मधोमध उभा राहून टिनाच्या छपरातून वर गेला होता. मास्तर तिथे राहिले, कारण गावात दुसरीकडे जागा नव्हती. पण निंबोळ्या पिकल्या आणि दिवसभर टिनावर ताडताड वाजू लागल्या तेव्हा त्यांचा संयम सुटला. त्यांनी अंगणात येऊन शुद्ध मराठीत तक्रार केली की, त्यांच्या खोलीत वृक्ष आहे. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झाड तुह्या खोलीत नाई बापा. तू झाडाच्या खोलीत हाये. ते आधीपासून राहून राह्यलं."   पुढे मास्तरांनी बुंध्याला खुंट्या ठोकून कोट टांगायची सोय केली, आणि वर्षभरात ते आलेल्या-गेलेल्यांना 'आमचा कडूनिंब' म्हणून ते झाड दाखवू लागले.

मी या घरात कसा आलो तेही सांगायला हवं. माझं गाव अकोल्याकडचं. छप्पन्न साली घरच्या सगळ्यांबरोबर नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली, आणि त्यानंतर थोड्याच काळात मी अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. नोकरी मिळायला जेवढा त्रास झाला नाही तेवढा खोली मिळायला झाला. घरमालक प्रेमाने बसवत, पाणी विचारत, गाव विचारत, मग आडनाव विचारत. आणि आडनाव ऐकलं की त्यांना एकदम आठवे की खोली कालच गेली. त्या दिवसांत अमरावतीत इतक्या खोल्या 'कालच' गेल्या की एवढी माणसं या गावात मावली कुठे, असा मला प्रश्न पडे. जुन्या वस्तीत मामेभावाच्या घरी आम्ही इतके जण दाटीने झोपत असू की एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागे. लग्न झालं होतं, पण बायको विमल गावीच होती.

काकूंनी मलाही रस्त्यावरच पकडलं. घोरणं, शिंकणं, शीळ, सगळ्यांतून मी पार पडलो. भांडणाच्या प्रश्नावर मी खरं सांगितलं की जेवून भांडतो. काकू खूश झाल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "आन् जात?"

मी म्हणालो, "बौद्ध."

"ते नवं?"

"हो."

"आन् पह्यले?"

मी तेही सांगितलं.  तोंडातली सुपारी काकूंनी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मी 'कालच गेली' ऐकायची तयारी केली. पण समोर मागची खोली रिकामी होती, आणि ती पाहून त्यांच्या जिवाची चाललेली ओढाताण त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होती. शेवटी म्हणाल्या, "खोली देतो. पन पानी मी काढून देत जाईन. लोकाइची कटकट नोको."

इतकं फिरल्यावर मला तेही पुष्कळ वाटलं. विमलला ते तसं वाटलं नाही. ती पुढच्याच आठवड्यात आली, बैलगाडीतून उतरली, विहिरीकडे घागर घेऊन निघाली, तेव्हा काकू दोर हातात घेऊन आडव्या आल्या. "ठेव इथी. मी ओतून देतो."

विमल तेव्हा अठराएक वर्षांची असेल. तिने घागर खाली ठेवली नाही. "काकू," ती म्हणाली, "मी माह्या हातानं भरीन. नाई तं सामान अजून सुटलं नाई, गाडीवालाबी गेला नाई."

अंगणात सगळे हातातली कामं टाकून उभे. काकूंच्या खोलीला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं, आणि ही पोर गाडीवानाला हात करत होती. काकूंचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी दोर विहिरीच्या काठावर आपटला, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही सामान गाडीतच ठेवून ओट्यावर बसलो. गाडीवान दोनदा चहा पिऊन आला. शेवटी उन्हं कलताना दार उघडलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ए पोरी! नुसत्या हातानं दोर धरू नको, हात सोलून निघतीन. फडकं गुंडाळ हाताले!" आणि आतून आणलेलं फडकं त्यांनी विमलच्या अंगावर फेकलं. एवढंच. त्या विषयावर त्या पुढे कधी एक शब्द बोलल्या नाहीत. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि विमलच्या स्वभावात ती वसूल करणं नव्हतं. तिने फडकं गुंडाळलं आणि पाणी भरलं.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या घरांतल्या बायका आमच्या विहिरीवर यायच्या बंद झाल्या. त्यांनी निरोपही पाठवला की, आता त्या विहिरीचं पाणी आम्हांला चालत नाही. काकूंनी निरोप आणणारीला सांगितलं, "बरं झालं बाई, दोर कमी झिजीन." मग उन्हाळा आला. नगरपालिकेच्या नळाला धार येण्याऐवजी नुसता सुस्कारा येऊ लागला, आणि एके सकाळी त्याच बायका घागरी कमरेवर घेऊन फाटकाशी दिसल्या. काकू जिन्यावर पापडांजवळ बसल्या होत्या. "मले काय इचारता? विमल भरून राह्यली तिथी, तिले इचारा." बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. विमलने त्यांना फार ताटकळत ठेवलं नाही. "या ना," ती म्हणाली, आणि दोर पुढे केला. पण काकूंना तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी वरून ओरडून प्रत्येकीला फडकं गुंडाळायला लावलं.

त्या अंगणात सगळ्यात जुने भाडेकरू म्हणजे सिंधी शेठ. शेठ हे आपलं म्हणायचं. सायकलवर कापडाचे तागे बांधून ते गल्लोगल्ली फिरत. भरलं घर एका रात्रीत सोडून आलेला माणूस. त्याच्या मनातली धास्ती गेली नव्हती. दर पहिल्या तारखेला भाडं द्यायला आले की ते हात जोडून विचारत, "माताजी, मकान कब खाली करना पडेगा?" काकूंचं हिंदी त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात तयार झालेलं. त्या कडाडत, "फिरसे खाली का नाव निकाला तो देख! तुमको बैठने को बोला तो बैठते काहून नहीं?" शेठना शब्द निम्मेच कळत, पण चेहऱ्यावर एकदम हसू पसरे, आणि मला तर अशी शंका आहे की ती शिवी ऐकण्यासाठीच ते दर महिन्याला तो प्रश्न विचारीत.

आणि मग एक दिवस खाली करायची वेळ खरोखरच आली. कोणीतरी नगरपालिकेकडे तक्रार केली होती की, या घरात परवानगीशिवाय खोल्या उगवत आहेत. चौकशीला एक तरुण इन्स्पेक्टर आला. स्वभावाने गरीब, पण कामाला चोख. तो पुढच्या दाराने आत शिरला आणि हरवला. बराच वेळ त्याचा आवाज भिंतीआडून ऐकू येत होता, "अहो, बाहेर जायचा रस्ता कुठून?" शेवटी तो निघाला तो शेठांच्या स्वयंपाकघरात, आणि शेठांच्या बायकोने त्याला सरळ पानावर बसवलं. जेवून तो अंगणात आला तेव्हा काकूंनी त्याची उलट चौकशी सुरू केली.

"साहेब, तुमी राह्यता कुठी?"

"लॉजमध्ये."

"आन् बायको?"

"परतवाड्याला, माहेरी. इथे घरच मिळत नाही."

काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं एखादी सुगरण उपाशी माणसाकडे पाहते. पण इन्स्पेक्टर बधला नाही. त्याने स्पष्ट सांगितलं की बाकीचं पुढे पाहता येईल, खिडक्या बसवता येतील, पण मागच्या खोल्यांना रस्त्यापासून सरळ वाट नाही. आग लागली, कोणी आजारी पडलं, तर गाडी आत येणार कशी? वाट तरी करा, नाहीतर मागच्या खोल्या पाडाव्या लागतील. मागच्या खोल्या म्हणजे आमची, शेठांची आणि आणखी दोन घरांची. वाट करायची तर मध्ये उभं होतं काकूंचं स्वतःचं मूळ घर.

बातमी दर्यापूरला पोचली आणि काकूंचा पुतण्या पहिल्या गाडीने आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मागच्या खोल्या पाडून टाकाव्यात, हे 'कुठकुठचे लोक' जातील तिकडे जातील, आणि रस्त्याच्या अंगाला दुकानं काढावीत. काकूंनी त्याला जेवू घातलं आणि सगळं ऐकून घेतलं. काकू त्याच्यावर एकदाही कडाडल्या नाहीत याचीच आम्हांला जास्त भीती वाटली. शेठांनी तागे बांधून ठेवले. मी पुन्हा संध्याकाळी खोल्या शोधत फिरू लागलो, आणि अमरावतीतल्या खोल्या पुन्हा 'कालच' जाऊ लागल्या. विमलला तेव्हा दिवस गेले होते. रात्री ती चुलीजवळची आपली भांडी उगीचच पुसत बसे.

एका सकाळी मी कचेरीला निघालो तर दाणदाण आवाज ऐकू आला. धावत पुढे गेलो. मिस्त्री काकूंच्या घराची मधली भिंत फोडत होता. यजमानांनी हौसेने बांधलेली, चुन्याचा गुळगुळीत गिलावा केलेली त्यांची झोपायची खोली. त्या सगळ्या पसाऱ्यात खोली म्हणावी अशी ती एकच होती. काकू धुळीने पांढऱ्या होऊन मधोमध उभ्या, आणि पुतण्या डोक्याला हात लावून बाहेर.

"काकू, तू राह्यशील कुठी?" तो ओरडला.

"इथी माणसं काय कमी हायेत?" काकू म्हणाल्या. "आन् हे खोली मले कधीच आवडली नाई. उन्हाळ्यात भल्लीच तापते."

ती खोली साऱ्या घरात थंड होती हे आम्हांला सगळ्यांना माहीत होतं. विमल पुढे गेली आणि तिने काकूंचा हात धरून त्यांना बाजूला ओट्यावर बसवलं. भिंत पडेपर्यंत दोघी तिथेच बसून होत्या. काकू एकदाच बोलल्या, मिस्त्रीला, "दार जपून काढ रे. सागाचं हाय." ते नक्षीचं भलंमोठं सागवानी दार त्यांनी आमच्या टिनाच्या खोलीला बसवून दिलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे की आत कोणी जहागीरदार राहतो, आणि दार उघडलं की समोर चूल.

इन्स्पेक्टर पुन्हा आला, वाट पाहिली, पावलं टाकून मोजली आणि मान डोलावली. मग जायचं सोडून तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "काकू," तो हळूच म्हणाला, "एखादी खोली...?" काकूंचा चेहरा असा फुलला की जणू त्यांनाच जागा मिळाली होती. विहिरीपलीकडे त्याच्यासाठी खोली उठली. पण या वेळी नकाशा त्याने स्वतः काढला, परवानगी घेतली, खिडक्या मोजून घेतल्या, आणि त्यानंतर त्या आवारात एक वीटही त्याच्या नजरेतून सुटेना. न पोचणारा जिना पाडायचं त्याने काढलं तेव्हा तर काकू हादरल्या. "इन्स्पेक्टरले खोली देऊन मी फसली," त्या ज्याला त्याला सांगत. "भाडंबी देते आन् कायदाबी सांगते." जिना मात्र राहिला. इन्स्पेक्टरच्या बायकोलाही पापड वाळवायला जागा लागतच होती.

वाट घराच्या मधोमध गेल्याने काकूंना आता घर असं उरलं नाही. एक संदूक ओसरीच्या कोपऱ्यात, आणि त्या स्वतः आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. सगळ्यांच्या घरी त्यांचं अंथरूण आळीपाळीने पडे, आणि मुक्काम कोणाकडे यावरून घराघरांत भांडणं होत. त्या पाहुण्यासारख्या मात्र कुठेच राहिल्या नाहीत. मास्तरांकडची गूळ घातलेली आमटी खाऊन त्यांनी विचारलं, "हे वरन होय का शिरा?" शेठांकडच्या कढीवर मात्र त्या भाळल्या; तिची कृती शिकून घेतली आणि पुढे ती आपणच त्यांना शिकवली असं सांगू लागल्या. आमच्याकडे पहिल्यांदा निजायला आल्या तेव्हा भिंतीवरची बुद्धाची तसबीर त्यांनी खूप वेळ पाहिली. "हा डोये मिटून काय पाहून राह्यला?" त्यांनी विमलला विचारलं.

"सोताले पाह्यते," विमल म्हणाली.

"मंग ठीक हाय. दुसऱ्याच्या घरात पाहत नाई, तेच चांगलं." आणि तसबिरीला हात जोडून त्या झोपल्या, आणि काय घोरल्या! भाडेकरूंना घोरण्याबद्दल त्या इतकं का छळत ते मला त्या रात्री कळलं.

विमलचे दिवस भरले तेव्हा भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. मी कचेरीत होतो. इन्स्पेक्टरने टांगा आणला, आणि तो टांगा रस्त्यावरून थेट आमच्या सागवानी दारापर्यंत आला, काकूंची खोली जिथे होती तिथूनच. शेठांच्या बायकोने आणि काकूंनी विमलला उचलून आत बसवलं. काकू टांगेवाल्याच्या शेजारी चढल्या आणि इस्पितळापर्यंत त्याला आणि घोड्याला दोघांनाही सारख्याच शिव्या देत गेल्या. मी पोचलो तेव्हा मुलगी झाली होती. काकू तिला घेऊन बसल्या होत्या आणि दाईला सांगत होत्या की, पोरीचा आवाज मोठा आहे, भांडकुदळ निघेल, चांगली निघेल.

पुढची वर्षं कशी गेली कळलंच नाही. आमची मुलगी त्या अंगणात चालायला शिकली आणि बोलायलाही, त्यामुळे तिच्या एका वाक्यात वऱ्हाडी, सिंधी आणि पुण्याची मराठी सुखाने नांदत असत. मग हळूहळू सगळे पांगले. शेठांनी त्यांच्या लोकांच्या नव्या वसाहतीत घर बांधलं. मास्तरांची पुण्याला बदली झाली. जाताना ते कडूनिंबाशी काय बोलले कोण जाणे, पण चष्मा पुसत बाहेर आले. माझी बदली अकोल्याला झाली आणि सरकारी क्वार्टर मिळालं. आता कोणाला खोल्या शोधत फिरावं लागत नव्हतं. ज्याची त्याची वसाहत झाली, ज्याचं त्याचं फाटक झालं. हे चांगलंच झालं, यात शंका नाही. पण कढीला लागणारं काही नसलं की मागायला कोणाकडे जायचं, हे विमलला अकोल्यात बरेच दिवस उमगत नव्हतं.

एका चैत्रात काकू न कळवता अकोल्याला आल्या. एसटीतून उतरल्या त्या मुगाच्या वाळवलेल्या मुंगवड्यांचं गाठोडं घेऊन. म्हातारपण आता अंगावर दिसत होतं. ऐकू कमी येत होतं, पण बोलणं तेवढंच होतं. एका दिवसासाठी आल्या आणि आंब्याचं लोणचं घालून होईपर्यंत राहिल्या. क्वार्टरच्या अंगणात विमल आणि त्या कैऱ्या फोडत बसल्या असताना शेजारच्या बाई डोकावल्या. नव्यानेच राहायला आलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्या कोण तुमच्या?"

माझी आई मी लहान असतानाच गेली. विमलला सासू अशी कधी मिळालीच नव्हती. तिने अडकित्ता खाली ठेवला नाही की क्षणभर विचार केला नाही. "सासूबाई आमच्या," ती म्हणाली, "अमरावतीच्या."

काकूंना ऐकू गेलं की नाही, मला वाटलं नसेल गेलं.  पण त्यांनी एकदा फोडलेलीच कैरी पुन्हा फोडायला घेतली. मग नाक ओढून म्हणाल्या, "मीठ कमी पडीन. अजून आन."

त्या निघाल्या त्या दिवशी आम्ही त्यांना एसटीत बसवून द्यायला गेलो. खिडकीजवळची जागा मिळवताना त्यांनी कंडक्टरशी भांडण काढलंच. गाडी सुरू झाली तशा त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विमलला काहीतरी ओरडून सांगू लागल्या, लोणच्याबद्दल असेल किंवा पोरीबद्दल. इंजिनाच्या घरघरीत एक अक्षर कळलं नाही. विमल गाडीबरोबर चालत चालत मान हलवत होती, "हो काकू, हो, करतो." गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

"काय म्हणत होत्या?" मी विचारलं.

"मले तरी कुठी आयकू आलं," विमल म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत हसली. "पन हो म्हटलं नसतं तं त्या गाडी थांबवून उतरल्या असत्या."

त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात गेल्या. इन्स्पेक्टरचा निरोप आला, आम्ही पहिल्या गाडीने अमरावती गाठली. शेठ त्यांच्या वसाहतीतून आले होते, मास्तर पुण्याहून दोन गाड्या बदलून आले होते. काकूंना नेलं ते त्यांनी भिंत पाडून केलेल्या त्यांच्याच वाटेने. वाट रुंद होती, खांदा द्यायला खूप जण होते, कोणाचीही अडचण झाली नाही.